केर, रेव्हरंड जॉन
केर, रेव्हरंड जॉन : स्कॉटिश धर्मोपदेशक व क्रीडेतिहासकार. एडिंबरोच्या पूर्वेस, फोर्थच्या खाडीनजीक वसलेल्या डर्लटन या खेड्याच्या पॅरिशचे ते उपदेशक होते. वाळूच्या आक्रमणामुळे या पॅरिशचे मुख्य चर्च १६१२ मध्ये गलनहून डर्लटनला हलविण्यात आले. आणि ज्या वालुकामय भूमीने देवालय उठविले, तिनेच पुढे त्या हद्दीत गॉल्फची नामांकित मैदाने दिली, त्यांतील म्यूरफील्ड १८९१ मध्ये खुले झाले. अशा मुलखात धर्मकार्य करणाऱ्या केर यांनी आपल्या परगण्यातील गॉल्फचा वृत्तांत १८९६ च्या विस्तृत ग्रंथात नोंदविला.

त्यांचा खरा जिव्हाळा मात्र कर्लिंगशी होता. गोठलेल्या तळ्यावर ग्रॅनाइटचा जड, मुठीचा दगड लक्ष्याकडे सरकवायचा आणि सोबत्यांनी केरसुणीने पुढचे बर्फ झाडून त्याची गती राखायची, असा हा खेळ. त्याचा इतिहास केर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केला. १९०२-०३ च्या हिवाळ्यात कॅनडा व अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या स्कॉटिश संघाचे नेतृत्व त्यांनीच केले, व त्या प्रवासाचा तपशील १९०४ मध्ये ग्रंथबद्ध केला.

वांद्र्यात १८६३ पासून चालत आलेल्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेच्या हॉकीशी परिचित असलेल्या वाचकास धर्मसंस्था व क्रीडांगण यांचे हे साहचर्य अपरिचित वाटणार नाही. केर यांचे वैशिष्ट्य असे, की ते खेळले आणि खेळाचे दप्तरही त्यांनी आस्थेने सांभाळले.