स्मृतिरंजन आणि बाजारपेठ : अमेरिकेतील न्याहारीच्या जाहिरातींतील कार्टून पात्रे

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वाढलेल्या पिढ्यांच्या आठवणीत शनिवारची सकाळ, दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिका आणि 'सीरिअल', म्हणजे दुधात घालून खावयाचे कॉर्नफ्लेक्ससारखे तयार पदार्थ, यांचे अतूट नाते आहे. मालिकांमधील जाहिरातीही आज ही मंडळी जिव्हाळ्याने पुन्हा पाहतात. या स्मृतिरंजनाची जडणघडण कशी झाली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जाहिरातींचा विकास :
मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथील आरोग्यगृहात डॉ. जॉन हार्वे केलॉग व त्यांचे बंधू विल यांनी रुग्णांच्या पथ्यासाठी हे पदार्थ सिद्ध केले. विल केलॉग यांनी १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापून साखर घातलेले कॉर्नफ्लेक्स बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर साखरेचा लेप दिलेले प्रकार आले आणि त्यांचा मुख्य ग्राहक बालक ठरला. १९५२ मध्ये 'टोनी' हा वाघ अवतरला. थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी अर्धशतकाहून अधिक काळ त्याला आवाज दिला. १९५८ मध्ये सुरू झालेल्या 'हकलबेरी हाउंड' मालिकेचे प्रायोजकत्व केलॉग कंपनीकडे होते. मालिकेतील पात्रेच माल विकू लागल्याने मनोरंजन व विक्री यांतील सीमारेषा पुसट झाली.

१९५९ मध्ये आलेल्या 'ट्रिक्स' सशाचे उदाहरण विशेष बोलके आहे. सशाने ट्रिक्स मिळवण्यासाठी धडपडावे आणि मुलांनी ते त्याच्यापासून हिरावून घ्यावे, हे जाहिरातीचे ठरलेले कथानक होते. १९७६ मध्ये सशाला ट्रिक्स द्यावे की नाही, यावर कंपनीने मुलांचे मतदान घेतले. मुलांनी सशाच्या बाजूने कौल दिला. मत पाठविण्यासाठी मात्र खोक्याचे झाकण लागत असे. मुलांची करुणा खरी होती. ती व्यक्त करण्याचा मार्ग दुकानातून जात होता.

नियमनाचा प्रयत्न :
पेगी चॅरेन यांनी १९६८ मध्ये बाल-दूरचित्रवाणीच्या सुधारणेसाठी पालकांची संघटना उभी केली. १९७८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनपुढे एक प्रस्ताव आला. विक्रीचा हेतू ज्यांना उमगत नाही अशा लहान मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंदी घालावी, असे त्यात सुचविले होते. उद्योगसमूहांनी कडाडून विरोध केला. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने आयोगाच्या अधिकारांना लगाम घातला व १९८१ मध्ये प्रस्ताव बारगळला. पुढे २०१६ मध्ये चिली देशाने मात्र अतिसाखरेच्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरून अशी पात्रे कायद्याने हटविली.

समारोप :
बालपणीच्या सकाळीविषयीचा ओलावा खोटा ठरविण्याचे कारण नाही. तथापि हा ओलावा ज्या चित्रांभोवती साठला, ती जाणत्या प्रौढांनी अजाण बालकांसाठी विक्रीच्या हेतूने रेखाटली होती. या जाहिरातींचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या इतिहासकाराने आठवणीतील आनंदाइतकीच १९८१ मधील त्या पराभवाचीही नोंद घ्यावयास हवी. आजचे स्मृतिरंजन हे काही अंशी त्या पराभवाचेच फलित आहे.