पांढरीवरून काळीवर

जुन्या वऱ्हाडी गावात जमिनीचा हिशेब सोपा होता. काळीत पऱ्हाटी आणि ज्वारी, पांढरीत घरं. पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती राहून, राखमाती साचून उंच आणि दबलेली झालेली जागा. तिचीच माती भिंतीला, तिचीच धाब्याला. सुतार लाकूड बेतायचा, गवंडी भिंत उचलायचा आणि घरधनी ओट्यावर बसून सगळं पाहायचा. नकाशा काठीनं जमिनीवरच. भरवशाचा गवंडी कुठं मिळेल, हे तेव्हा कोणी विचारत नसे. तो गावातलाच, त्याचं जुनं काम डोळ्यांसमोर उभं, आणि भिंत फुगली तर तोंड लपवून जाणार कुठं?

आपली वसाहत मात्र काळीवर उभी आहे. तालुक्याच्या गावांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत हेच झालं: गावालगतचं वावर एन.ए. झालं, चुन्याच्या रेषा पडल्या, प्लॉट निघाले. घर पांढरीवरून काळीवर उतरलं. या बदलाकडे आपण फारसं लक्ष दिलं नाही, असं मला वाटतं.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. चैत्र-वैशाखात वावरातल्या भेगेत हात जातो, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पाया त्याच हलत्या थरात राहिला की घर दरसाल थोडं उचललं जातं, थोडं बसतं, आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते. वरून कितीही पुट्टी भरा, पुढच्या उन्हाळ्यात ती परत हजर! रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी एक तोड रूढ केली. पाइल हलत्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत न्यायची आणि तळाशी कांद्यासारखी फुगीर करायची. कुठं खोल खोदून मुरूम भरला तरी भागतं. कुठं काय लागेल, ते खड्डा घेऊन माती पाहिल्याशिवाय कळत नाही. इथंच पिढीजात गवंड्याची विद्या अपुरी पडली. दोष त्याचा नव्हे. त्याची सगळी शिदोरी पांढरीवरची होती. "काही होत नाही जी, एवढे घरं बांधले आपन," हे तो मनापासूनच म्हणायचा.

त्यात पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या तालुक्यातही शिरला आहे. खारं पाणी प्लास्टरचे पोपडे काढतं, हे दिसतं. स्लॅबच्या आतली सळई गंजवतं, ते दिसत नाही. सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. पण आपल्याकडं पिण्याला वानचं पाणी आणि बांधकामाला बोअरचं, हीच रीत पडली. तराईचंही तसंच. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लायॲशच्या सिमेंटला १० दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं, अकोल्याच्या उन्हात तर त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळणारे किती, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

मोठ्या शहरांत ही वाट आधी मळली. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आपल्या सगळ्या सोसायट्यांची ती आजी. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांनी घर कसं बांधावं यावर पुस्तकं लिहिली. त्यांचं 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' १९३९ चं. पुढं १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानं परिषदेकडं नोंदणी असल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येईनासं झालं. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको.

पण छोट्या गावात नकाशा म्हणजे नगरपरिषदेत पास करण्यापुरता कागद, असाच समज राहिला. फी वाचवायची म्हणून देखरेख ठेकेदारावरच सोडली. म्हणजे काम करणारा तोच, मोजणारा तोच आणि बिल लावणाराही तोच. सरकारी बांधकामात मोजमाप पुस्तक इंजिनिअरच्या हाती असतं, ते उगाच नाही. घरासाठी नकाशा काढणारा, सळईचा हिशेब करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि ठेकेदार वेगवेगळे असले, की एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेला पडते.

रेरा आहे ना, असं कोणी म्हणेल. २०१६ चा हा कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या बिल्डरला लागतो, तोही जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि घरं आठाहून जास्त असली तर. आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदार लावून बांधलेलं घर त्यात येत नाही. मग हाती उरतो तो लेखी करारनामा: मजुरीचा ठेका की मटेरियलसकट, फुटाचा दर कोणत्या मापावर, आणि जोतं, लिंटल, स्लॅब या टप्प्यांवर इंजिनिअरनं पाहिल्यावर किती पैसे. पाहुण्याच्या ओळखीतला ठेकेदार असला की "आता त्याला कागद काय मागायचा" म्हणून नेमका हाच कागद राहून जातो. त्यापेक्षा त्यानं पाच-सात वर्षांपूर्वी बांधलेलं एखादं घर पावसाळा संपताना जाऊन पाहावं आणि घरच्या बाईला विचारावं. ओल कुठं येते, ते तिला बरोबर ठाऊक असतं.

आता मुलं मोठी झाली, वरचा मजला चढवायची बोलणी घरोघरी सुरू आहेत. खालचे कॉलम किती सळईचे आणि पाया किती खोल, हे बहुतेकांना आठवत नाही. ज्यांच्याकडं त्या वेळचे नकाशे, बिलं किंवा पाया खोदतानाचे फोटो असतील, त्यांनी एकेक झेरॉक्स सोसायटीच्या कार्यालयात आणून द्यावी. शेजारच्या प्लॉटची माती बहुधा एकच असते.