कृमी नसलेला कृमिरोग

1887 साली पॉल हेप या वैद्याने एका रुग्णाची हकीकत एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि त्याच्या व्याधीस ‘आभासी ट्रिकिनोसिस’ असे नाव दिले. कारण स्नायूंची सूज आणि वेदना सर्वस्वी ट्रिकिनोसिस या कृमिरोगाची, परंतु स्नायूंत कृमी मात्र एकही नाही. आज जिला पॉलिमायोसायटिस म्हणतात ती व्याधी वैद्यकाच्या दरबारात उभी राहिली ती अशी, तोतयासारखी, दुसऱ्याच्या नावावर.

ते नाव इतके बलवत्तर कसे झाले, यासाठी मागचे अर्धे शतक चाळावे लागते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शवविच्छेदनाच्या वेळी काही प्रेतांच्या स्नायूंत चुन्यासारखे पांढरे कण आढळत आणि त्यांनी सुरीची धार बोथट होई. ते कण आहेत तरी काय, हा प्रश्न 1835 साली पडला तो प्रथम वर्षाच्या जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला. चांगल्या सूक्ष्मदर्शक यंत्रासाठी तो ब्रिटिश म्युझियममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्याकडे गेला, आणि कणाच्या पोटात वेटोळे घालून बसलेला कृमी त्याला दिसला. नामकरणाचा मान मात्र रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेला. विद्वत्तेच्या मुलखात असा सारा वसूल वरच्याच कचेरीत जमा होतो, हे नवे नाही.

पुढे पंचवीस वर्षे हा कृमी बहुधा निरुपद्रवी कुतूहलाचा विषय राहिला. जानेवारी 1860 मध्ये ड्रेस्डेनच्या रुग्णालयात एक तरुण मोलकरीण विषमज्वराच्या संशयाने दाखल झाली व दगावली. फ्रीडरिख त्सेंकर यांनी शवविच्छेदन केले तेव्हा विषमज्वराची चिन्हे नव्हती, स्नायू कृमींनी भरले होते आणि आतड्यांत त्यांची प्रौढ पिढी नांदत होती. त्सेंकर एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी तिच्या मालकाच्या घरी चौकशी केली, डिसेंबरात मारलेल्या डुकराचे उरलेले मांस तपासले, त्यात तेच कृमी सापडले आणि खाटीकही आजारी पडल्याचे कळले. आजवर विषमज्वर म्हणून दप्तरी नोंदले गेलेले किती मृत्यू वस्तुतः या कृमीचे असतील, हा विचार तेव्हाच्या वैद्यांना अस्वस्थ करून गेला असावा.

त्या मुलखात डुकराचा कच्चा खिमा पावावर पसरून खाण्याची रीत होती. 1865 साली हेडर्सलेबेन या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावात तीनशेंहून अधिक माणसे आजारी पडली व सुमारे शंभर मेली. रुडॉल्फ विर्खो यांनी प्रत्येक डुकराची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी असा आग्रह धरला, खाटकांनी विरोध केला, पण अखेर प्रशियात प्रांतोप्रांती तशी फर्माने निघाली. यातून एक नवा पेशा जन्मास आला. श्वासपटलाच्या स्नायूतून ओटच्या दाण्याएवढे तुकडे कापायचे, दोन काचांत दाबून पारदर्शक करायचे, आणि भिंगाखाली ओळीने पाहत जायचे. कृमी नसेल तरच मांसावर शिक्का. या कंटाळवाण्या कामाचे मोल माझ्या मते विर्खो यांच्या भाषणांहून कमी नाही. 1880 नंतर याच कृमीचे निमित्त करून जर्मनीने अमेरिकन डुकराच्या मांसास बंदी घातली, ती 1891 मध्ये उठली. त्या बंदीत आरोग्य किती आणि जमीनदारांची धान्य-डुकरांची बाजारपेठ किती, याचा हिशेब न केलेलाच बरा.

अशा वातावरणात वाढलेल्या वैद्याला सुजलेल्या पापण्या, ज्वर आणि दुखरे स्नायू दिसताच कृमी आठवणे अपरिहार्य होते. त्यातही पापण्यांचे साम्य विलक्षण फसवे आहे: ट्रिकिनोसिसमध्ये डोळ्यांभोवती सूज येते, आणि हेप यांच्याच वर्षी हाइन्रिख उनव्हेरिख्ट यांनी वर्णिलेल्या, व 1891 मध्ये डर्माटोमायोसायटिस असे नाव दिलेल्या व्याधीतही पापण्या सुजतात, वर त्यांस जांभळट छटा येते. तेव्हा निवाडा करण्यास स्नायूचा तुकडा काढून पाहण्यावाचून फारसा मार्ग नव्हता, आणि तुकड्यात कृमी हाती न लागला तर शंका तशीच राही.

मार्ग सापडला तो बाल्टिमोरमध्ये, तोही पुन्हा एका विद्यार्थ्याच्या हातून. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात टॉमस ब्राउन याने ट्रिकिनोसिसच्या रुग्णाचे रक्त रंगवून मोजले, तेव्हा पांढऱ्या रक्तपेशींत एरवी शेकडा चार-पाचांच्या आत असणाऱ्या इओसिनोफिल पेशींनी अर्ध्याहून अधिक जागा व्यापल्याचे त्यास आढळले. हे निरीक्षण 1897 साली प्रसिद्ध झाले. पॉलिमायोसायटिसमध्ये अशी वाढ सहसा होत नाही. म्हणून आजही स्नायूदाहाचा रुग्ण आला की जाणता वैद्य स्टिरॉइड लिहिण्यापूर्वी रक्ताची ती मोजणी पाहतो, आणि गेल्या महिन्यात कच्चे वा अर्धवट शिजलेले डुकराचे किंवा रानडुकराचे मांस खाण्यात आले होते काय, हे विचारतो.