राहणीखर्चाची तुलना : शिरूर कासार आणि पुणे

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे सिंदफणा नदीच्या काठावरील तालुक्याचे गाव. पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर ते हे नव्हे. अवर्षणप्रवण असलेल्या या तालुक्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी व ऊसतोडणीसाठी मोठे स्थलांतर होते. पुण्यास निघालेल्या प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न असतो : गावी ज्या रकमेत महिना निघतो, तसाच महिना पुण्यात काढायला किती पैसे लागतील? याचे उत्तर देताना बहुधा चुकीचे आकडे वापरले जातात.

निर्देशांकाची मर्यादा

पहिली चूक ग्राहक किंमत निर्देशांकाबाबत होते. औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष २०१६ असून त्या वर्षीची पातळी १०० मानली आहे. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आदी केंद्रांचे आकडे स्वतंत्रपणे काढले जातात. मात्र प्रत्येक शहराची तुलना त्याच शहराच्या २०१६ मधील किमतींशी असते. त्यामुळे एखाद्या महिन्यात सोलापूरचा आकडा पुण्याहून मोठा दिसला, तरी सोलापूर महाग ठरत नाही. तेथे दर अधिक वेगाने वाढले, एवढाच त्याचा अर्थ. दोन ठिकाणांची तुलना करणारे मोजमाप वेगळे असते. अमेरिकेत तेथील आर्थिक विश्लेषण विभाग राष्ट्रीय सरासरी १०० धरून राज्ये व महानगरे यांची सापेक्ष किंमतपातळी प्रसिद्ध करतो.

दुसरी चूक खर्च आणि महागाई एकच मानण्याची. कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात दरमहा दरडोई खर्च ग्रामीण भागात ४,०१० रुपये, तर शहरी भागात ६,६५७ रुपये होता. हा फरक ६६ टक्क्यांचा आहे. परंतु शहरी माणूस अधिक वस्तू व सेवा विकत घेतो, हेही त्यात आले. केवळ किमतींमुळे पडणारा फरक याहून कमी असतो. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेली राज्याची दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात दरमहा दरडोई ९६७ रुपये व शहरी भागात १,१२६ रुपये होती. गरिबाच्या गरजांपुरता हा फरक १६ टक्क्यांचाच भरतो.

कशात फरक, कशात नाही

अनेक वस्तूंचे दर दोन्हीकडे सारखेच असतात. साबण, चहापूड, औषधे यांवर छापील किंमत एकच असते. महावितरणचे घरगुती वीजदर आणि एसटीचे भाडे राज्यभर एकाच दरपत्रकाने आकारले जाते. पेट्रोल तर वाहतूक खर्चामुळे मराठवाड्यात बहुधा पुण्याहून महागच मिळते. शिधापत्रिका देशात कोठेही चालत असल्याने पात्र कुटुंबास पुण्यातही धान्य उचलता येते.

खरा फरक घरभाड्यात आहे. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी ५० लाखांवरील लोकसंख्येची शहरे ‘एक्स’, ५ ते ५० लाखांची ‘वाय’ व उरलेली सर्व ठिकाणे ‘झेड’ वर्गात मोडतात. पुणे ‘एक्स’मध्ये, तर शिरूर कासार ‘झेड’मध्ये येते. १ जानेवारी २०२४ पासून हे दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० व १० टक्के झाले. म्हणजे ४० हजार रुपये मूळ वेतनाच्या टपाल कर्मचाऱ्यास पुण्यात १२ हजार, तर शिरूर कासारला ४ हजार रुपये भत्ता मिळेल.

राज्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचे दरही बोलके आहेत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६० हजार, तर बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये ठरविण्यात आले. त्यात भोजनासाठी अनुक्रमे ३२ व २५ हजार आणि निवासासाठी २० व १२ हजार रुपये धरले होते. जेवणाचा फरक २८ टक्के, निवासाचा मात्र ६७ टक्के.

हिशेब कसा मांडावा

समजा, स्वतःच्या घरात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबास गावी महिन्याला १५ हजार रुपये लागतात : किराणा-भाजीपाला ७ हजार, वीज-गॅस-दूरध्वनी-प्रवास ३ हजार आणि शिक्षण, औषधे, कपडे ५ हजार. पुण्यात अन्नखर्च २८ टक्के वाढला व बाकी तसेच राहिले, तर बेरीज सुमारे १७ हजारांची होते. त्यात भाड्याचे १० हजार मिळवले की २७ हजार होतात. अर्थात वाढलेल्या १२ हजारांपैकी १० हजार भाड्याचेच. म्हणून पुण्यातील पगार ऐकल्यावर किराण्याच्या आधी भाडे, अनामत रक्कम व कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर विचारावे.

मात्र गावची स्वस्ताई संपूर्ण नसते. उन्हाळ्यात टँकरचे पाणी, मोठ्या आजारात बीडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा त्यापुढेही जावे लागणे आणि उच्च शिक्षणासाठी बाहेर खोली करणे, हे खर्च महिन्याच्या हिशेबात दिसत नाहीत. पण वर्षाच्या हिशेबात येतात. महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारी एसटीची निम्मी सवलत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालेली अहिल्यानगर-बीड रेल्वे यांनी प्रवासाचा भार काही प्रमाणात हलका केला आहे.

सर्वांत अवघड स्थिती दोन चुली चालविणाऱ्यांची. मुलगा पुण्यात व आईवडील गावी, किंवा ऊसतोड जोडपे कारखान्यावर व मुले आजीपाशी, असे असेल तेव्हा दोन्ही ठिकाणांचे दर एकाच मिळकतीतून भागवावे लागतात. ऊसतोड कुटुंबाने हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचलही त्याच मिळकतीतून फेडायची असते. अशा घराला शिरूर कासार स्वस्त की पुणे, यापेक्षा दोहोंची बेरीज किती, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. गाव सोडण्याचा निर्णय त्या बेरजेवर घ्यावा.