छाटणे आणि जोडणे : एका फटफटीचा पाठेतिहास

पनवेल-दिवा लोहमार्गावर तळोजे पाचनंद नावाचे स्थानक आहे. एकेकाळच्या भातशेतीच्या या पट्ट्यात आज महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रसायने, पोलाद आणि अभियांत्रिकी कारखान्यांची मोठी वसाहत आहे. महामंडळ 1962 साली स्थापन झाले, सिडको 1970 साली. मुंबईची यंत्रे आणि यंत्रे हाताळणारे हात खाडीपलीकडे सरकत गेले, तो हा काळ. लेथ, वेल्डिंग, पत्र्याचे काम, रंगकाम हे सारे हाकेच्या अंतरावर मिळेल अशा वसाहतींतच जुन्या मोटारसायकली नव्याने घडवण्याचा व्यवसाय तग धरू शकतो. तळोज्याकडे पाहताना म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो : जुन्या सांगाड्यावर नवी टाकी, नवे हँडल आणि नवी बैठक चढवलेल्या गाडीला 'मूळ' म्हणावे की 'नवी'? पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा प्रश्न अपरिचित नाही. प्रक्षेप कोणता, संस्करण कोणते आणि स्वतंत्र रचना कोठे सुरू होते, याच वादाचे हे लोखंडी रूप आहे.

या संस्कृतीची जगप्रसिद्ध वंशावळ अमेरिकन आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुणांनी जड मोटारसायकलींचे मडगार्ड कापले, अनावश्यक भाग काढून टाकले. 'चॉपर' या शब्दातच छाटण्याची क्रिया आहे. 1947 साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी झालेल्या गोंधळाच्या बातम्यांतून बंडखोर मोटारसायकलस्वाराची प्रतिमा तयार झाली. 1953 च्या 'द वाइल्ड वन'ने तिला मार्लन ब्रँडोचा चेहरा दिला आणि 1969 च्या 'ईझी रायडर'ने लांब चिमट्याची गाडी. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास लंडनच्या एस कॅफेभोवती 'कॅफे रेसर' हा वेगळा घाट रूढ झाला : नॉर्टनची चौकट, ट्रायम्फचे इंजिन, आणि दोन नावांचा संधी करून 'ट्रायटन'.

आपल्याकडची वंशावळ वेगळी आहे. भारतीय सैन्याने पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी सरहद्दीवरील गस्तीसाठी एनफील्ड बुलेट निवडली. 1955 साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिली. म्हैसूरला आयडियल जावाचे उत्पादन साठीच्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. पुढे तीच गाडी 'येझदी' झाली आणि 1996 साली कारखाना बंद पडला. या काळात महाराष्ट्राच्या गावागाड्यात बुलेटचा अर्थ बंडखोरी असा कधीच नव्हता. ती फौजदाराची, फौजेतून परतलेल्याची, बागायतदाराची गाडी होती. फटफटीचा आवाज वेशीवर आला की सत्ता आली, असा संकेत होता. आवाजावरून पडलेल्या या नावातही धाक आणि कौतुक दोन्ही आहेत.

परवाना-पद्धतीच्या त्या दशकांत गाडी मिळणे अवघड आणि सुटे भाग मिळणे त्याहून अवघड होते. त्यामुळे येथील मिस्त्रीची मूळ क्रिया छाटण्याची नव्हती, जोडण्याची होती. कुर्ल्याच्या भंगारातून आलेला भाग घासून बसवणे, झिजलेले आटे पुन्हा पाडणे, फुटलेल्या टाकीला डाख देणे, सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन घालणे, ही कामे आवडीपोटी झाली नाहीत, अभावापोटी झाली. तरीही गाडी प्रत्येक दुरुस्तीत थोडी बदलत गेली. चाळीस वर्षे चाललेल्या बुलेटमध्ये कारखान्याचा वाटा किती आणि मिस्त्रीचा किती, हे सांगणे कठीण आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात या दोन वंशावळी एकत्र आल्या. हाती पैसा आला, परदेशी चित्रे घराघरांत पोहोचली, आणि ज्या हातांना जोडणे ठाऊक होते त्यांच्याकडे छाटण्याची मागणी आली. मुंबई परिसरात अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची' या संस्थेने बुलेटच्या पायावर वेगळ्या घडणीच्या मोटारसायकली बांधून नाव मिळवले. त्या नावातली षष्ठी मराठी कानाला लगेच ऐकू येते. गाडी कोणाची, या प्रश्नाला घेणाऱ्याचे नाव सांगण्याची आपली रीत. येथे घडवणाऱ्याचे नाव सांगितले गेले. हा बदल लहान नाही.

कायद्याला मात्र ही षष्ठी मान्य नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच अधिक स्पष्टपणे सांगितले. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ रूपात जपलेले हवे, आणि त्याच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे कायद्याच्या भाषेत 'नव्याने घडवलेली विंटेज' हा वदतोव्याघात आहे.

या नियमांमागे कारण आहे. ब्रेक आणि चौकट यांच्याशी केलेला खेळ जिवावर बेतू शकतो, आणि सायलेन्सर काढलेल्या बुलेटचा त्रास वस्तीतल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना होतो. परंतु 'मूळ रूप' ही अट आपल्या इतिहासाशी जुळत नाही, हेही म्हटले पाहिजे. वस्तुसंग्रहालयासारखी जपलेली गाडी बहुधा संस्थानिकाच्या वा धनिकाच्या गॅरेजात सापडते. जी गाडी दूध वाहत राहिली, कर्जाच्या हप्त्यांत तीन हातांतून फिरली, ती मूळ रूपात उरणे शक्यच नव्हते. शुद्ध प्रतीचा आग्रह धरला की लोकांत वावरलेला पाठ भ्रष्ट ठरतो. संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना याची किंमत ठाऊक आहे.

येथे 'ईझी रायडर'ची एक गोष्ट आठवते. त्यातल्या गाड्या पोलिसांनी लिलावात काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन होत्या. सत्तेच्या गाड्याच बंडाची प्रतीके झाल्या. ते रूपांतर घडवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी हे दोघे कृष्णवर्णीय. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती, आणि ती लोकांसमोर यायला कित्येक दशके जावी लागली.

आपल्याकडच्या नोंदणीपुस्तकात उत्पादकाचे नाव असते, मालकाचे असते. मिस्त्रीसाठी रकाना नाही. त्याचे ज्ञान लिहिलेले नसते. ते आटा, डाख, चिमटा, टायमिंग अशा शब्दांत आणि हातांत असते. कार्ब्युरेटर जाऊन संगणकीय इंधनप्रणाली आली आहे आणि ते शब्द जाणणारी पिढी निवृत्त होत आहे. भाषा-विभागांनी लोकगीते गोळा केली, बोलींचे कोश केले. औद्योगिक वसाहतींच्या कडेला बसलेल्या या कारागिरांकडे ध्वनिमुद्रक घेऊन जायला फार खर्च येणार नाही. उशीर झाला, तर गाड्या मागे राहतील आणि त्या कोणाच्या हातून घडल्या हे सांगणारे कोणी नसेल.