दिघीचे मनोरे आणि दोन भोकांचा फेराइट

पुण्याजवळच्या मारुंजीहून पूर्वेला निघून पिंपरी-चिंचवड ओलांडले की भोसरीच्या पलीकडे दिघी लागते. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संदेशांची ‘बीम’ सेवा सुरू केली, तेव्हा तिचे प्रक्षेपण खडकीजवळच्या याच माळावरून होई आणि ग्रहण दौंडला. समोरच्या बाजूला इंग्लंडात ग्रिम्स्बी आणि स्केगनेस अशी जोडी होती. मार्कोनी कंपनीचे चार्ल्स फ्रँकलिन यांनी आखलेल्या अँटेना म्हणजे उंच मनोऱ्यांवरून टांगलेले तारांचे पडदे. प्रक्षेपकातली ऊर्जा त्यांच्यापर्यंत एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांतून जाई, वाटेत नळ्यांना फाटे फुटत, फाट्यांना पुन्हा फाटे, आणि प्रत्येक तारेपर्यंतचे अंतर सारखे ठेवलेले असे. या फाट्यांवर एक अडचण हमखास उभी राहते. एका नळीला दोन सारख्या नळ्या जोडल्या की पुढचा इंपिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा ओहमांतला एकूण अडथळा, निम्मा होतो, आणि जिथे इंपिडन्स बदलतो तिथून आलेल्या लहरीचा काही भाग मागे फिरतो. तो फिरू नये म्हणून दोन बाजूंची जुळणी करून द्यावी लागते. लांब अंतराच्या बिनतारी दळणवळणातले हे मूलभूत काम आज ज्याला पिंपरी-चिंचवड म्हणतात त्या परिसरात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी रोज होत होते.

असे असूनही, या भागातल्या रेडिओच्या हौशी माणसाच्या हाती इंपिडन्स जुळवणारा ट्रान्सफॉर्मर आला तो दिघीहून आलेला नाही. तो घराच्या छपरावरून, दूरदर्शनच्या अँटेनामागून आला, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे तंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना मोठ्या संस्थांपासून सुरुवात होते आणि ज्ञान तिथून खाली झिरपले असे गृहीत धरले जाते. आरएफ, म्हणजे रेडिओ वारंवारितांच्या, मोजमापाच्या छंदापुरते तरी हे चित्र पुराव्याला धरून नाही. मोठ्या संस्था इथे होत्या आणि त्यांचे काम अव्वल दर्जाचे होते. पण हाताने ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याची कला जन्मायला लागणारी वस्तू, म्हणजे फेराइट, त्यांच्या कुंपणाबाहेर आली नाही, आणि सुरुवातीच्या काळात तर ती वस्तू त्यांच्याकडेही नव्हती.

त्याचे कारण तांत्रिक आहे. बीम सेवा ठरलेल्या मोजक्या तरंगलांबींवर चाले. एकाच वारंवारितेवर जुळणी करायची असेल तर विशिष्ट लांबीची नळी, एखादे वेटोळे आणि एखादा कंडेन्सर पुरतो. व्हॉल्व्हच्या काळातला हौशीही तेच करी. व्हॉल्व्हच्या प्लेटला काही हजार ओहमांचा भार लागतो, तो अँटेनाच्या पन्नास-पंचाहत्तर ओहमांशी जुळवायला हवेतले वेटोळे आणि फिरवता येणारा गँग कंडेन्सर असला की झाले. वारंवारिता बदलली किंवा अँटेना बदलली की पुन्हा गँग फिरवायचा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, त्याचा प्रक्षेपक पोलिसांच्या भीतीने एका जागेवरून दुसरीकडे हलवावा लागे. दर नव्या जागी नवी तार, नवी लांबी, आणि म्हणून नवी जुळणी करणे भाग होते. महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने गोठवले गेले होते, तरी हे हातचे कसब मुंबईत जिवंत होते, हे त्या तीनेक महिन्यांच्या प्रसारणावरून कळते. मात्र त्या कसबात रुंद पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरला जागा नव्हती, कारण त्याची कुणाला गरजच पडत नव्हती.

गरज निर्माण केली ट्रान्झिस्टरने. १२ व्होल्टवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून १० वॅट काढायचे असतील तर त्याला सुमारे ७ ओहमांचा भार दिसायला हवा, तोही एका ठिकाणी नव्हे, तर तीन मेगाहर्ट्झपासून तीसपर्यंत सगळीकडे. इतक्या रुंद पट्ट्यात गँग कंडेन्सरवर भागत नाही. याचा पाया आधीच घातला गेला होता. ब्राउन बोव्हेरी कंपनीतल्या गुस्ताव्ह ग्वानेला यांनी १९४४ मध्ये तारांच्या जोड्या गुंडाळून रुंद पट्ट्याची जुळणी कशी साधते ते मांडले, आणि बेल प्रयोगशाळेच्या क्लाइड रुथ्रॉफ यांनी १९५९ मध्ये फेराइटच्या छोट्या कड्यांवर अशा ट्रान्सफॉर्मरचे अनेक प्रकार करून दाखवले. गणित सोपे आहे. वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे इंपिडन्सचे गुणोत्तर. एका बाजूला दोन वेढे आणि दुसरीला चार घेतले की ५० ओहमांचे २०० होतात. कठीण भाग होता फेराइट मिळवण्याचा. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये निकेल-जस्त किंवा मँगनीज-जस्त मिसळून भाजलेला हा काळा, ठिसूळ पदार्थ १९९१ पूर्वीच्या परवाना-राज्यात परदेशातून दहा-वीस नग मागवणे हौशीच्या आवाक्यात नव्हते.

तो आला टीव्हीबरोबर. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणेकरांच्या घरात पोचले. मारुंजी-हिंजवडीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या गावांना सिंहगड दक्षिणेला पडतो, तेव्हा इथल्या छपरांवरच्या यागी अँटेनांना त्या दिशेला तोंड करणे भागच होते. त्या अँटेनातली दुमडलेली दांडी एकटी असताना जवळपास ३०० ओहमांची असते. तिच्यापासून दोन समांतर तारांची चपटी पट्टी खाली उतरे, तीही ३०० ओहमांची. पुढे गोल को-ॲक्सियल केबल आली ७५ ओहमांची, आणि तीनशेची पंचाहत्तरशी गाठ घालायला अँटेनाच्या पेटीत किंवा टीव्हीच्या मागे एक बोटाच्या पेराएवढा तुकडा बसू लागला. त्यात दोन आरपार भोके असलेला फेराइटचा गाभा, म्हणजे कोर, आणि त्यातून ओवलेले बारीक तारेचे दोन-चार वेढे, एवढेच. हा बॅलन म्हणजे ४ ला १ चा रुंद पट्ट्याचा इंपिडन्स ट्रान्सफॉर्मर. रुथ्रॉफच्या निबंधातली वस्तू काही वर्षांत पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत विकली जाऊ लागली होती. विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला किंवा विकणाऱ्या दुकानदाराला तिच्यामागचा सिद्धान्त ठाऊक असण्याची गरज नव्हती. औद्योगिक पट्ट्याची मदत झाली ती दुसऱ्या बाजूने. भोसरी-पिंपरीत यंत्रे होती, यंत्रांना मोटारी होत्या आणि जळलेल्या मोटारी पुन्हा भरणारी दुकाने होती. इनॅमल चढवलेली तांब्याची तार तिथे गेजप्रमाणे वजनावर मिळे. कोर टीव्हीवाल्याकडून आणि तार मोटार वाइंडिंगवाल्याकडून, अशी ही सामग्री जुळली.

यावर कुणी म्हणेल की मी या भागातल्या खऱ्या विद्वत्तेला डावलतो आहे. नारायणगावाजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरवेव्ह दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे. तिच्याच जवळ आर्वीला १९७१ मध्ये देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. जीएमआरटीच्या मूळ १५० मेगाहर्ट्झच्या ग्राहकात दुमडलेल्या द्विध्रुव दांड्याच वापरल्या होत्या, आणि त्यांची जुळणी पाव तरंगलांबीच्या मार्गाने केली होती. छपरावरच्या टीव्ही अँटेनाचे तत्त्व आकाशगंगांच्या शोधाला लागले, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी. या कामाचे मोल मला पुरते मान्य आहे. पण या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या जातात. खोडदच्या अभियंत्यांपाशी मोजमापाची महाग उपकरणे होती आणि हवा तो भाग मागवण्याची सोय होती. हौशीपाशी या दोन्ही नव्हत्या. संस्थेतून तत्त्व मिळू शकते, पुस्तकातूनही मिळते. हातात कोर मात्र बाजारातूनच यावा लागतो.

याचा सर्वात ठळक पुरावा महाराष्ट्राबाहेरचा आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘बिटेक्स’ हा घरी बांधता येणारा रेडिओ संच आखला आणि तो जगभर पसरला. त्यात वेटोळ्यांसाठी त्यांनी नळाचे वॉशर वापरले, आणि शक्ती-वर्धकातल्या रुंद पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या बॅलनचे कोर. अमेरिकी पुस्तकांतल्या ठरावीक क्रमांकांच्या कड्या इथे मिळत नव्हत्या, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळते त्यावर आराखडा बेतला. एका मान्यवर संच-रचनाकाराने टीव्हीच्या कोरवर भिस्त ठेवली, तेव्हा तो कोर तडजोड राहिला नाही. भारतीय हौशी रेडिओची ती अधिकृत सामग्री झाली.

संच बांधण्यापेक्षा मोजमापात या ट्रान्सफॉर्मरचे महत्त्व जास्त आहे, आणि इथेच आजचा सर्वात बळकट आक्षेप येतो. आता नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे विश्लेषक उपकरण काही हजार रुपयांत मिळते. त्याचा मूळ आराखडा जपानमधल्या एका हौशी अभियंत्याचा, आणि २०१९ पासून तो सर्वांच्या हाती आला. ते ५० ओहमांचे असले तरी कुठल्याही इंपिडन्सचे आकडे गणिताने काढून देते, मग जुळणीचा ट्रान्सफॉर्मर कशाला, असे विचारले जाते. उत्तर आकड्यांतच आहे. एका टोकाने पोसलेल्या, अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या अँटेनाचा इंपिडन्स अडीच-तीन हजार ओहम असतो. ५० ओहमांच्या उपकरणाला २५०० ओहम दिसले तर परावर्तन गुणांक, म्हणजे परतलेल्या लहरीचे मूळ लहरीशी प्रमाण, ०.९६१ येतो, आणि ३००० दिसले तर ०.९६७. पाचशे ओहमांचा फरक सहा हजारांशांत दडतो, आणि जोडणीची वायर थोडी हलली तरी स्वस्त उपकरणात तेवढी चूक होते. मध्ये ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर बसवा, म्हणजे वेढे एकास सात. तेच २५०० आता ५१ ओहम होतात आणि ३००० होतात ६१. गुणांक अनुक्रमे ०.०१ आणि ०.१०. फरक जवळपास चौदापट उघडा पडला. गणित उपकरणाने पाहिलेल्या गोष्टीवरच चालते. जे नीट दिसलेच नाही ते गणिताने परत मिळत नाही. क्रिस्टल फिल्टरचेही तसेच आहे. घरगुती फिल्टर पुष्कळदा २०० ओहमांच्या आसपासचे असतात, ते थेट ५० ओहमांत मोजले तर माथा सपाट न दिसता खाचखळगे दिसतात, आणि चांगला फिल्टर वाईट ठरवून माणूस तो मोडीत काढतो. दोन्ही टोकांना ४ ला १ चा ट्रान्सफॉर्मर लावला की खरा आकार समोर येतो.

आता ट्रान्सफॉर्मर स्वतः खरा बोलतो की नाही हे कसे ठरवायचे? बाजारातल्या कोरवर क्रमांक नसतो, आणि काळा रंग सगळ्यांचा सारखा. इथे हौशींनी वापरलेली रीत मला फार आवडते, कारण तिच्यात दुसऱ्या कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. एकाच कोरजातीवर दोन सारखे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे आणि पाठीला पाठ लावून जोडायचे. पहिला ५० चे २४५० करतो, दुसरा २४५० चे पुन्हा ५०. दोन्ही टोके ५० ओहमांची असल्याने साधे उपकरणही एकूण घट बरोबर सांगते, आणि तिची निम्मी ती एकाची. वारंवारितेच्या खालच्या टोकाला घट वाढली तर वेढे कमी पडले, वरच्या टोकाला वाढली तर तार लांब झाली किंवा कोर त्या कामाचा नाही. निनावी कोरची जात अशी अर्ध्या तासात कळते. कोरची माहितीपत्रके मिळत असती तर ही रीत इतकी रुजली नसती. टंचाईत माणसे शिकतात याचे उदात्तीकरण करू नये हे मला मान्य आहे, कारण टंचाईने कित्येकांना या छंदापासून दूरही ठेवले असणार. तरी ज्यांनी तग धरला त्यांच्याकडे मोजून खात्री करण्याची सवय आली, एवढे नाकारता येत नाही.

शेवटी एक शंका उरते. १९९० नंतर केबल आली, छपरावरच्या अँटेना उतरल्या आणि बॅलन दुकानातून मागे पडला, म्हणजे ही वाट बंद झाली का? वस्तू बदलली, वाट तीच राहिली. केबलवाल्याने घरोघर लावलेली एका केबलच्या दोन करणारी पत्र्याची डबी उघडली तर आत दोन चिमुकले फेराइट निघतात. एक जुळणीचा ट्रान्सफॉर्मर, दुसरा विभागणीचा, आणि दोन्ही शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे. ती डबी न फोडताही कामाची आहे. एका बाहेरच्या तोंडातून संकेत सोडा, दुसऱ्या तोंडाला मापक लावा, आणि तपासायची अँटेना मूळ आतल्या तोंडाला जोडा. अँटेना जुळलेली असेल तर मापकावर फारसे काही येत नाही, जुळलेली नसेल तर परतलेली लहर तिथे दिसते. परावर्तन मोजण्याचा हा पूल भंगारच्या भावात पडतो. फक्त तो ७५ ओहमांचा आहे आणि हौशीची सगळी साधने ५० ची. त्यासाठी त्याच जातीच्या कोरवर ११ वेढे घालून नवव्या वेढ्यावर फाटा काढला की ५० चे ७४.७ होतात, आणि एवढ्या फरकाने घरगुती मोजमापाचे काही बिघडत नाही.