सॅन अँटोनियोत लॉनला पाणी कधी घालावे?



अपार्टमेंट सोडून पहिले घर घेतले की आपल्यापैकी बहुतेकांचा लॉनशी प्रथमच संबंध येतो. जुन्या मालकाने स्प्रिंकलरचा कंट्रोलर आठवड्यातून तीन दिवसांवर लावून ठेवलेला असतो. आपण तो उघडूनही पाहत नाही, आणि एक दिवस दंडाची नोटीस हातात पडते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहे.

नियम कशावर ठरतात?

शहराच्या पाण्याचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे एडवर्ड्स ॲक्विफर, चुनखडीच्या खडकातला भूजलसाठा. फोर्ट सॅम ह्यूस्टन येथील 'जे-१७' या विहिरीत त्याची पातळी रोज मोजतात. समुद्रसपाटीपासूनच्या या पातळीची दहा दिवसांची सरासरी ६६० फुटांवर उतरली की पहिला टप्पा आणि ६५० वर दुसरा. ६४० च्या खाली गेल्यास तिसऱ्याचा विचार होतो. एखादा मोठा पाऊस झाला म्हणून टप्पा आपोआप उठत नाही. शहराने तसे जाहीर करावे लागते.

आपला वार कोणता?

पहिल्या दोन टप्प्यांत स्प्रिंकलर आठवड्यातून एकदाच चालवता येतो. घर क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहा:

- ० किंवा १ : सोमवार
- २ किंवा ३ : मंगळवार
- ४ किंवा ५ : बुधवार
- ६ किंवा ७ : गुरुवार
- ८ किंवा ९ : शुक्रवार

शनिवार-रविवारी स्प्रिंकलर बंद. भर दुपारी तर कधीच नाही. हातात पाईप धरून मात्र पाणी घालता येते, त्यामुळे मेथी, तुळस, कढीपत्त्याची काळजी नको. पाणी रस्त्यावर वाहू देणे बाराही महिने नियमबाह्य आहे.

एवढी कडक शिस्त का?

याच साठ्यावर न्यू ब्रॉनफेल्सचे कोमल झरे आणि सॅन मार्कोसचे झरे वाहतात. १९५६ च्या दुष्काळात कोमल झरे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आटले होते. फाउंटन डार्टर हा चिमुकला मासा जगात फक्त या दोन ठिकाणच्या पाण्यात आढळतो. कोर्टकज्ज्यांनंतर १९९३ मध्ये राज्याने कायदा करून एडवर्ड्स ॲक्विफर ऑथॉरिटी स्थापली. ती पहिल्या टप्प्यात उपशाच्या परवान्यांत २० टक्के कपात करते, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात ३५. पिण्याचे पाणी तोडता येत नाही, म्हणून पहिली कात्री लॉनला लागते.

एचओएचे पत्र आले तर?

लॉन तपकिरी झाल्याबद्दल मलाही असे पत्र आले होते. घाबरून जादा पाणी घालू नका. पाणी-निर्बंध लागू असताना तपकिरी गवताबद्दल दंड करण्यास टेक्सासच्या २०२५ च्या कायद्याने एचओएला मनाई केली आहे. शिवाय बर्म्युडा गवत बहुधा मेलेले नसते, नुसते झोपलेले असते. पाऊस पडला की पुन्हा हिरवे होते.

शेवटची सूचना

वीज गेल्यावर काही कंट्रोलर मूळ सेटिंगवर परत जातात. वादळानंतर एकदा जरूर तपासा. चालू टप्पा आणि ठरलेल्या वेळा सॅन अँटोनियो वॉटर सिस्टिमच्या संकेतस्थळावर पाहून मगच तो लावा.